शेंदराचा हात

"लहानपणी काय काय खेळायचात?"

डॉक्टर उत्तरा मॅडमनी हे विचारलं तेव्हा राजेश्रीला हसूच आलं. पायाचा अंगठा सुजून टम्म झालेला, महिनाभर डोकं ठणकतंय, रक्तदाबाचा आकडा पाहून नर्सनं पट्टा सोडून पुन्हा एकदा बांधलेला, आणि ह्या मॅडम खेळाचं विचारतायत.

"खेळायला कुठं वेळ होता, मॅडम. घरी देवाचं काम होतं ना."

"काम म्हणजे?"

"आमी गुरव. गावातल्या मारुतीची पूजा आमच्या घराकडं हाय. शेंदूर कालवायचं काम माझं."

त्याआधी डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले होते. बॅटऱ्या फोडायचं काम कधी केलं का? रंगाच्या कामावर होतात का? घराजवळ शिसं वितळवायची भट्टी होती का? तिन्हींना राजेश्रीनं मान हलवून नाही म्हटलं होतं. रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींमध्ये बारीक निळे ठिपके दिसले होते, आणि ते कुठून आले हे डॉक्टरांना कळत नव्हतं. आता त्यांच्या हातातलं पेन थांबलं.

"कशानं कालवायचात?"

"हातानं. आणखी कशानं? परातीत शेंदूर घ्यायचा, तिळाचं तेल सोडायचं, आन् असं..." राजेश्रीनं टेबलावरच दोन्ही तळवे गोल फिरवले. बांगड्या वाजल्या. "कणीक मळतेत तसं. गुठळी राह्यली की देवाच्या अंगावर फोड दिसतो. माझ्या हातची गुठळी कुणाला घावली न्हाई."

"किती वर्षं?"

"पाच वर्षांची होते तवापासून. पोरगी न्हातीधुती झाली की तिचा हात चालत न्हाई. तवर मीच."

"आणि आता कोण कालवतं?"

"भाची माझी. सृष्टी. तिसरीला हाय." राजेश्रीचा आवाज जरा वर चढला, कौतुकानं. "तिलाबी मीच शिकवलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तिला घेऊन या," त्या म्हणाल्या. "उद्या आणता येईल?"

*

परभणीहून पोखर्णीकडं जाताना डाव्या हाताला एक रस्ता फुटतो. त्या रस्त्यावरच्या गावात मारुतीच्या देवळामागं किशनराव गुरवांचं घर आहे. राजेश्री तिथंच जन्मली. धाकटा भाऊ बजरंग सहा वर्षांनी झाला. आई लवकर गेली.

गावातल्या मारुतीला शनिवारी शेंदूर लागायचा आणि हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी पूर्ण चोळा, म्हणजे सगळ्या अंगाला शेंदराचा लेप, चढायचा. तो शेंदूर घरातल्या लहान पोरीच्याच हातचा लागतो, बाईचा नाही, बाप्याचा नाही, ही त्या घराची रीत. किशनरावांची बहीण कालवायची, त्यांची आत्या कालवायची. पोर नसेल त्या वर्षी देवाला नुसतं तेल. किशनराव हे सांगताना छाती काढून सांगायचे.

घराची आणखी एक पद्धत होती. थरावर थर चढून शेंदूर जाड झाला की उन्हाळ्यात त्याच्या खपल्या सुटायच्या. बोटाएवढ्या, कधी भाकरीएवढ्या. त्या टाकून द्यायच्या नाहीत. "देवाचं अंग देवालाच," किशनराव म्हणायचे. खपल्या घरी आणायच्या, पितळी खलबत्त्यात कुटायच्या आणि नव्या शेंदरात मिसळायच्या. कुटताना लाल धूळ उडायची. राजेश्रीच्या पापण्यांवर बसायची, ओठांवर बसायची. ती जिभेनं पुसून घ्यायची. कुटून झालं की आई खलबत्ता फडक्यानं पुसायची आणि त्यातच कारळाची चटणी वाटायची. घरात खलबत्ता एकच होता.

उरलेल्या खपल्यांचे तुकडे किशनराव तांबड्या कापडात शिवून ताईत करायचे. गावात कुठल्या घरी लेकरू झालं, दचकून रडायला लागलं, की बाई ताईत न्यायला यायची. लेकराच्या गळ्यात तो पडायचा, आणि दात येताना लेकरू तोच चघळायचं.

शनिवारी राजेश्री राणी असायची. परातीसमोर बसलेली, कोपरापर्यंत हात केशरी, आणि मोठमोठी माणसं दारात उभी राहून विचारायची, "झालं का गं माय? देव वाट बघायलाय."

"दम धरा की," ती म्हणायची. सात वर्षांची पोर पाटलाला दम धरा म्हणायची आणि पाटील दम धरायचा.

सोमवारी शाळेत मात्र तीच पोर भिंतीकडं तोंड करून उभी असायची. पाढे डोक्यात राहायचे नाहीत. साताचा पाढा 'सात सक बेचाळीस'पर्यंत यायचा आणि तिथून पुढं नुसता पांढरा धूर. काल पाठ केलेलं आज नसायचं. पोटात कळा यायच्या, तर गुरुजी म्हणायचे, पाढे म्हणायची वेळ आली की बरोबर पोट दुखतं. त्यांनी किशनरावांना बोलावून घेतलं.

"पोरगी मठ्ठ हाय, किशनराव. मारून काही होत न्हाई, बघितलं मी."

"असू द्या गुरुजी," किशनराव म्हणाले. "देवानं तिच्या हातात दिलंय. डोक्यात नसंल दिलं."

हे वाक्य राजेश्रीनं दारामागून ऐकलं. तिला ते आवडलंही होतं. सातवीत नापास झाली, शाळा सुटली. त्याच वर्षी तिचा हातही बंद झाला. पुढं चुलत्याच्या घरातल्या पोरींनी कालवलं; त्यांच्यातली शेवटची न्हातीधुती झाली तोवर सृष्टी पाच वर्षांची होत आली. शेवटच्या शनिवारी ती परात धुवायला बसली आणि धुतच राहिली.

विसाव्या वर्षी सेलूला दिली. नवरा कापसाच्या जिनिंगवर कामाला, स्वभावानं बरा. पहिलं पोट पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं चौथ्यात. तिसऱ्याच्या वेळी सासूनं घरात नारळ बांधला, माहेरचा ताईत मागवून राजेश्रीच्या गळ्यात घातला. तेही पोट गेलं. मग नवऱ्यानं एकदा जेवताना, ताटाकडं बघत, सांगितलं, "आई म्हणायलीय, थोडे दिवस माहेरी राहून ये." थोडे दिवस सोळा वर्षांचे झाले.

गावात अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली तेव्हा तिला घेतलं. लेकरांना गोळा करून आणायचं, खिचडी द्यायची, शेंबूड पुसायचा, वजनाच्या झोळीत घालायचं. लेकरं तिच्या अंगावर लोंबकळायची. बजरंगाला पोरगी झाली, सृष्टी, तर ती आईपेक्षा आत्याकडंच जास्त. पाचवं लागलं तसं राजेश्रीनं तिला परातीपुढं बसवलं. आपला तळवा तिच्या तळव्याच्या पाठीवर ठेवून फिरवला. "असं. कणीक मळल्यावानी."

*

दुसऱ्या दिवशी सृष्टीला नेलं, आणि दोघींचं रक्त तपासायला पुण्याला गेलं. आठ दिवसांनी राजेश्री एकटीच परभणीला गेली. बजरंग म्हणाला होता, "आक्का, दोन रिपोर्ट आणायला दोघं कशाला?"

डॉक्टरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"हा तुमचा. अठरा. हा सृष्टीचा. एक्केचाळीस."

"म्हणजे तिचं माझ्याहून चांगलं हाय?"

"नाही हो." डॉक्टर खुर्ची ओढून तिच्या बाजूला येऊन बसल्या. "हा आकडा जेवढा कमी तेवढं बरं. शून्य सगळ्यात बरं. पाच झाला की आम्हाला काळजी लागते. हे शिसं आहे. शेंदूर शिशापासून करतात. हाताला लागतो, तोंडात जातो, कुटताना श्वासातून जातो. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेलं बरंचसं बाहेर पडतं. लहान मुलाचं शरीर ते धरून ठेवतं."

"कुठं?"

"रक्तात, आणि मग हाडांत. हाडांत वीस-वीस, तीस-तीस वर्षं राहतं. तुमचं तिथंच आहे. शिवाय घरातली धूळ अजून रोज थोडी भर घालतेय. त्यानं रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं झिजतात, असा अंगठा सुजतो. तुमची मूत्रपिंडं निम्म्याच्या आसपास काम करतायत."

राजेश्री आपल्या अंगठ्याकडं बघत राहिली.

"शिशानंच झालं हे?"

"एकट्या शिशानं झालं असं मी लिहून देणार नाही. रक्तदाब वर्षानुवर्षं तपासला नव्हता, त्यानंही होतं. पण शिशाचा हात त्यात आहे, असं मला वाटतं."

"आन् पोटं गेली माझी. तीन."

"बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडातलं कॅल्शियम जातं. त्याच्याबरोबर शिसंही सुटतं आणि बाळापर्यंत पोचतं. त्यानं गर्भ पडू शकतो. तुमच्या बाबतीत तसंच झालं का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही."

राजेश्रीनं पदर तोंडाला लावला नाही. रडली नाही. बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता. मग तिनं जे विचारलं त्याची डॉक्टरांनी तयारी केलेली नव्हती.

"पाढे पाठ न्हाई होत त्यानं?"

"हो. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. लक्ष राहत नाही, आठवत नाही, चिडचिड होते, पोट दुखतं."

"म्हणजे," राजेश्री म्हणाली, "मी मठ्ठ नव्हते?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही कशा झाला असता, ते मला माहीत नाही. पण ते तुमच्याकडून काढून घेतलं गेलं, एवढं नक्की."

राजेश्रीनं मान हलवली. एकदा, दोनदा. मग कागद उचलला, सृष्टीचा. "हिचं जाईल का?"

"औषधानं ओढून काढावं इतकं अजून झालेलं नाही. पण अगदी काठावर आहे. आधी तिचा हात शेंदरातून बाहेर काढायचा. आजपासून. लोहाची गोळी, दूध, अंडी, पालेभाजी. घर ओल्या फडक्यानं पुसायचं, झाडायचं नाही. तो खलबत्ता स्वयंपाकघरातून बाहेर. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. आकडा वाढला, तर मग दवाखान्यात ठेवावं लागेल. जे गेलंय ते किती भरून येईल सांगता येत नाही. पुढचं थांबवता येईल."

"एकवीस दिवसांवर हनुमान जयंती हाय, मॅडम."

"मग गावाला सांगायला वीस दिवस आहेत."

*

"हे बघ आक्का," बजरंग घरापुढच्या टपरीवर नारळ मांडता मांडता म्हणाला, "बाजारातली लिपस्टिक विष, दूध विष, भाजी विष. मग आता देवबी विष का?"

"देव कोण म्हणालं? शेंदूर म्हणाले मी."

"पिढ्या झाल्या कालवायलेत. कुणी मेलं का?"

"आपली आत्या कशानं गेली रे?"

बजरंगानं हातातला नारळ खाली ठेवला. आत्या तिशीतच फिटा येऊन गेली होती. लोक म्हणायचे, देवानं नेली.

"कशानंबी जाऊ शकते माणूस," तो शेवटी म्हणाला. "तू दादाला सांग. माझ्यात हिंमत न्हाई."

सुमंगला, बजरंगाची बायको, आतून ऐकत होती. त्या संध्याकाळी चटणी वाटायला तिनं शेजारणीचा पाटा-वरवंटा आणला, आणि खलबत्ता उचलून गोठ्यात ठेवला.

किशनरावांना, दोघंही त्यांना दादाच म्हणत, राजेश्रीनं सकाळी सांगितलं. ते ओसरीत ताईत शिवत बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, मनगटं थरथरायची म्हणून सुई ओवून सृष्टी द्यायची. राजेश्रीनं डॉक्टरांचं सगळं, होतं तसं सांगितलं. आकडे सांगितले. पोटांचं सांगितलं. किशनराव शिवत राहिले.

"दादा, ऐकायलाव का?"

"ऐकायलोय."

"मग?"

"आपल्या देवानं कुणाचं वाईट केलं न्हाई," किशनराव म्हणाले. सुई बोटात गेली. त्यांनी बोट तोंडात घातलं.

"देवाचं न्हाई म्हणत मी. आपल्या हाताचं म्हणते."

"माझ्याबी हाताला लागलाय की जन्मभर."

"म्हणून तर हात हालायलेत का, हे विचारा डॉक्टरला."

ते उठून देवळात गेले. चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले तरी पाणी सुमंगलाकडं मागायचे. शनिवारी राजेश्रीनं परात लपवली, देवाला नुसतं तेल लागलं, आणि घरात सगळ्यात जास्त राग आला तो सृष्टीला.

"मी कालवणार."

"न्हाई, बाळा."

"मला येतं. तूच म्हणाली माझ्या हाताला गुठळी न्हाई."

"येतं तुला. लय चांगलं येतं."

"मग कामून?" सृष्टीचा चेहरा पांढुरका, डोळ्यांखाली काळं. तिनं दप्तर लाथेनं ढकललं. वही बाहेर पडली. पानभर सात, चौदा, एकवीस, आणि मग गिरगोट्या. "शाळेत मला मागं बसवतेत. मी मठ्ठ हाय म्हणून. आता इथंबी काढलं. इथं तर मी मठ्ठ नव्हते ना?"

राजेश्रीला एकदम दारामागची ती पोर आठवली, बापाचं वाक्य ऐकून खूश झालेली. तिनं सृष्टीला जवळ ओढलं. सृष्टी ताठ उभी राहिली, लाकडासारखी.

"तू मठ्ठ न्हाईस," राजेश्री म्हणाली. "मीबी नव्हते. दोघींना बाधलंय काहीतरी. माझ्या ध्यानात यायला लय उशीर झाला."

ओसरीत किशनराव होते. ताईत शिवायची पिशवी मांडीवर होती. दोरा ओवलेला नव्हता.

*

हनुमान जयंतीच्या आदल्या सकाळी गाव देवळापुढं जमलं. चोळा चढायचा तो दिवस. पताका लागल्या होत्या, भजनाचा भोंगा दोनदा कुईं करून बंद पडला होता आणि पप्पू मंडपवाला त्याच्याशी भांडत होता. नागनाथराव, देवळाच्या समितीचे म्होरके, हातात शेंदराचा नवा पुडा घेऊन आले.

"घ्या किशनराव. कुठं हाय तुमची राणी? परात मांडा."

किशनरावांनी पुडा घेतला नाही. ते देवळाच्या पायरीवर उभे होते, नुसती लुंगी आणि उपरणं. राजेश्री खाली बायकांत. सृष्टीचा हात तिनं घट्ट धरला होता. काय होणार हे तिला माहीत नव्हतं. बापानं रात्री एवढंच म्हटलं होतं, "सकाळी देवळात ये."

"ह्या वर्षी नुसतं तेल," किशनराव म्हणाले.

"आँ?"

"नुसतं तेल. तिळाचं. शेंदूर न्हाई."

"काय बोलायलाव? देव उघडा ठेवता का जयंतीला?"

"रीत काय हाय, नागनाथ? घरातल्या लहान पोरीचा हात. पोर नसंल त्या वर्षी तेल. माझ्या आत्याच्या मागं तीन वर्षं तेलच होतं, तुझ्या आज्यानं बघितलंय."

"अवो, पण पोर हाय की. ही काय उभी हाय."

"तिचा हात बंद झाला."

बायकांत कुजबुज झाली. तिसरीतल्या पोरीचा हात कसा बंद होतो, ते प्रत्येकीला वेगळं वाटलं. एक म्हातारी म्हणाली, "आजकाल लवकरच होतंय बाई." सृष्टीनं राजेश्रीच्या पदरात तोंड घातलं.

नागनाथराव जरा विचारात पडले, मग त्यांचा चेहरा उजळला. "एवढंच ना? मग माझी नात हाय की. सहा वर्षांची. गुरवाची नसली म्हणून काय झालं, देवाला लेकरू लेकरासारखं. जा रे कुणीतरी, तिला घेऊन या."

ही नात तिच्या अंगणवाडीतून गेल्याच वर्षी पहिलीत गेलेली. वजनाच्या झोळीत गुदगुल्या झाल्यासारखी हसणारी. राजेश्री पुढं झाली. "न्हाई, नागनाथभाऊ..."

"तू थांब," किशनराव म्हणाले. सगळ्यांसमोर, पण ओरडून नाही. मग ते नागनाथरावांकडं वळले. "नातीला आणू नको. मला बोलायचंय, ते मलाच बोलू दे."

भोंग्याची खरखर पप्पूनं बंद केली.

"ह्या शेंदरात शिसं हाय. लहान लेकराच्या अंगात गेलं की हाडात बसतं. ही माझी लेक," त्यांनी बोट केलं, "हिला मी पाचव्या वर्षी परातीला बसवलं. खपल्या कुटायला लावल्या. शाळेत गुरुजी म्हणले मठ्ठ हाय, मी म्हणलं असू द्या. सेलूहून माघारी आली, गाव म्हणलं वांझ हाय, मी त्यालाबी काही म्हणलं न्हाई. आता तिची किडनी निम्मी गेलीय. नातीला बसवलं, तिच्या रक्तातबी सापडलं. देवाचं काम म्हणून केलं. देवानं मागितलं नव्हतं. मीच दिलं."

किशनरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"आणखी एक. माझ्या हातचा ताईत गावात पन्नास-साठ लेकरांच्या गळ्यात असंल. तो काढा. माघारी आणून द्या. लेकरू चघळत असंल तर त्याला दवाखान्यात दाखवा. मला काय बोलायचं ते बोला, पण आधी ताईत काढा."

"लय सोपं हाय का हे?" मागून कुणीतरी तिखट आवाजात म्हणालं. "माझ्या पोराचा ताप त्याच ताईतानं उतरला."

"उतरला असंल," किशनराव म्हणाले. "तरी काढ."

नागनाथराव पुडा हातात घेऊन तसेच उभे. मग त्यांनी तो उपरण्याच्या टोकात बांधला. "तेल तर तेल," ते म्हणाले, रागानं की कशानं ते कळलं नाही. "पण पुढच्या साली काय, ते बसून ठरवू."

एक बाई पुढं आली. कडेवर वर्षाचं पोर. तिनं त्याच्या गळ्यातला तांबडा ताईत तोडला. तो ओला होता, चघळलेला. किशनरावांच्या ओंजळीत तिनं तो टाकला आणि मान वर न करता निघून गेली. त्या दिवशी अकरा ताईत आले. बाकीचे आले नाहीत. राजेश्री पुढचे दोन महिने घरोघर फिरली. कुठं चहा मिळाला, कुठं दार उघडलंच नाही.

तेल चढवून झालं. गेल्या वर्षीच्या शेंदरावर ते ओघळलं. देव नेहमीसारखाच दिसत होता, फक्त जरा ओला.

घरी आल्यावर किशनरावांनी सगळे ताईत आणि उरलेल्या खपल्या झाकणाच्या डब्यात बंद केल्या. नेहमी उरलंसुरलं देवळाच्या आडात सोडायचे; त्या दिवशी नाही. मग अंगणातल्या नळाखाली बसले, साबण घेतला.

"ये इकडं," ते राजेश्रीला म्हणाले.

"काय?"

"हात दे."

एक्केचाळीस वर्षांच्या बाईनं बापापुढं हात केले. त्यांनी ते साबणानं चोळले, एकेक नख, एकेक पेर, नखांखाली काडी घालून. त्यांची मनगटं हलत होती म्हणून पाणी सगळीकडं उडत होतं.

"दादा, आता काय उपयोग?"

"काही न्हाई," किशनराव म्हणाले. "मला म्हाईत हाय." आणि धुत राहिले.

*

तीन महिन्यांनी दवाखान्यात राजेश्री आणि सृष्टी बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं होतं, एकोणतीस. उतरतंय. हळूहळू उतरेल, वर्ष लागेल, दोन लागतील. दवाखान्यात ठेवायची गरज नाही. राजेश्रीचा अंगठा उतरला होता, रक्तदाबाच्या दोन गोळ्यांच्या तीन झाल्या होत्या. मूत्रपिंडाचा आकडा होता तिथंच होता. तो आता मागं येणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि राजेश्रीनं ते पुन्हा विचारलं नाही.

"म्हण बरं साताचा," ती म्हणाली.

"इथं?"

"इथं काय झालं? कोण बघायलंय?"

सृष्टीनं इकडं तिकडं पाहिलं. समोर एक म्हातारा तोंड उघडं टाकून झोपला होता. "सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस. सात चोक अठ्ठावीस. सात पाचा पस्तीस. सात सक..." ती थांबली. "बेचाळीस."

"पुढं?"

"पुढं तू सांग."

"मला येत असतं तर तुला कामून विचारलं असतं?"

सृष्टी आत्याकडं बघत राहिली. ती हसेल असं वाटलं, पण हसली नाही. तिनं आपले दोन्ही हात उघडले, आत्याचा एक हात ओढून मांडीवर घेतला, आणि बेचाळिसाच्या पुढं एकेक बोट मोजायला लागली. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. राजेश्रीचं बोट ती अंगठ्यापासून धरत होती, घट्ट, चुकू नये म्हणून. अठ्ठेचाळिसाला थोडी अडली.

"एकोणपन्नास," ती म्हणाली.

"नक्की?"

"थांब," सृष्टी म्हणाली. "पुन्हा मोजते."